ती धडधड एकदा टेकडीवर नेऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, हिंजवडीत आयटीची नोकरी, वाकडला फ्लॅट आणि त्याचा हप्ता. गेल्या चार महिन्यांत ऑफिसमध्ये दोनदा माणसं कमी केली, तिसरी यादी येणार अशी कुजबुज आहे. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, मनगटावरच्या स्मार्टवॉचवर ११८ आकडा दिसतो आणि तो बघून आणखी घाबरायला होतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. गावाहून आलेली आई म्हणते, रोज जरा झाडाझुडपांत जाऊन येत जा. म्हणून मागच्या रविवारी सगळे सिंहगडला गेलो, तर जाता-येता गाड्यांच्या रांगेत तीन तास गेले, वर जत्रा होती, आणि त्या रात्री त्रास जास्तच झाला. निसर्गात जाऊन भीती खरंच कमी होते, की हे नुसतं म्हणायचं?

खरंच कमी होते. तुमच्या आई बरोबर सांगताहेत. फक्त ‘जाऊन ये’ म्हणजे तिथे जाऊन नेमकं काय करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी कोथरूडला बावीस वर्षं समुपदेशन करते. भीती, घबराट, पॅनिक यांनी बेजार झालेली माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांशी मी खोलीत बसून बोलण्याऐवजी टेकडी चढता चढता बोलते. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी रात्री तीनला काय होतं ते बघू. मेंदूत आतवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका जाणवला की तो आपल्या विचारांची वाट बघत बसत नाही, थेट शरीराला उठवतो. ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास वरच्या वर चालतो, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. पायवाटेवर फुरसं दिसलं तर हे सगळं व्हायलाच हवं, त्याच्यामुळेच आपण वेळेवर मागे सरतो. पण फुरसं सरसर झुडपात निघून जातं, आणि पाच-दहा मिनिटांत आपण ठिकाणावर येतो. ‘यादीत माझं नाव असेल का’ हे फुरसं मात्र झुडपात जात नाही. ते ऑफिसच्या मेलमध्ये असतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतं, हप्त्याच्या तारखेला असतं, आणि रात्री तीन वाजता उशाशी असतं. शरीराची यंत्रणा तीच, जुनी. तिला समोरचा साप आणि मनातली यादी यांतला फरक नीट कळत नाही. आजच्या भीतीचा त्रास इथेच आहे. ती सुरू होते, पण संपली असं शरीराला कुणी सांगतच नाही.

तुमच्या बाबतीत त्यावर आणखी एक थर चढलाय. आता तुम्हाला नोकरीपेक्षा छातीच्या धडधडीची भीती वाटते. जाग आली की आधी घड्याळ बघता. आकडा मोठा दिसला की घाबरता, घाबरलं की आकडा आणखी वाढतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं गाडं हल्ली इथेच अडकलेलं असतं. म्हणून टेकडीकडे मी ‘शांत, सुंदर जागा’ म्हणून बघत नाही. तुमच्यासाठी पहिलं काम चढानेच करायचं आहे.

एक उदाहरण सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलेली मुलगी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची, दिवसाचे बारा-तेरा तास अभ्यासिकेत. दुसऱ्यांदा मुख्य परीक्षा हुकल्यावर तिला अभ्यासिकेतच पहिला पॅनिकचा झटका आला. मग जिना चढायची भीती बसली, कारण जिना चढला की धडधडतं आणि धडधडलं की झटका येणार असं वाटतं. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. मी तिला पर्वतीवर नेलं. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि उताराच्या, मध्ये कुठेही थांबता येतं. पहिल्या दिवशी ती वीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबली, चेहरा पांढरा. मी म्हटलं, बस, हात छातीवर ठेव, आणि काहीही करू नकोस. दीर्घ श्वास नाही, पाणी नाही, मोबाइल नाही, फक्त ठोके कसे खाली येतात ते हाताला कळू दे. आम्ही बसलो. शेजारून एक आजोबा काठी टेकत वर गेले. तीन-चार मिनिटांनी तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आपोआप थांबलं. मग उठलो, आणखी वीस पायऱ्या, पुन्हा तेच. त्या दिवशी आम्ही वरपर्यंत गेलोच नाही. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी वर जाऊन आली आणि सांगायला लागली की हे अभ्यासिकेतलंच धडधडणं आहे, अगदी तेच, फक्त इथे त्याची भीती वाटत नाही.

तिला जे उमगलं ते मी खोलीत बसून शंभर वेळा सांगितलं असतं तरी उपयोग झाला नसता. ठोके चढतात आणि उतरतात, ही गोष्ट शरीराला शरीरानेच शिकावी लागते. आमच्या उपचारपद्धतीत ज्या संवेदनेची भीती वाटते तीच मुद्दाम, सुरक्षित रीतीने अनुभवायला लावतात. दवाखान्यात त्यासाठी जागच्या जागी पळायला सांगतो, खुर्चीत गोल फिरवतो. टेकडीवर ते आपसूक होतं, आणि थांबल्यावर डोळ्यांसमोर भिंत नसते.

हे सगळं मी तपासण्या नॉर्मल आल्या आहेत म्हणून सांगतेय. ज्यांनी अजून डॉक्टरांना दाखवलेलं नाही, त्यांनी आधी दाखवावं आणि मगच चढ चढावा.

आता डोळ्यांसमोर काय असतं त्याबद्दल.

हनुमान टेकडीवर माझी एक ठरलेली जागा आहे, एका बोरीच्या झुडपासमोरचा सपाट दगड. तिथे रोज सकाळी सातभाईंचा थवा येतो. मळकट, पिवळ्या डोळ्यांचे, सतत एकमेकांशी कचाकचा बोलणारे पक्षी. पाचोळा उलटापालटा करून किडे शोधतात. मागच्या महिन्यात मी बसले असताना वरून शिक्रा आला. एका क्षणात सगळे सातभाई बोरीच्या काट्यांत घुसले आणि एवढा कालवा केला की खालून चाललेले दोघे जण थांबून बघायला लागले. माझ्यापासून दोन हातांवर एक पिल्लू फांदीला चिकटून बसलं होतं, चोच उघडी, गळ्याजवळची पिसं थरथरत होती. शिक्रा समोरच्या झाडावर जरा वेळ बसला आणि उडून गेला. कालवा कमी होत होत थांबला. मग एक जण खाली उतरला, दुसरा उतरला. पिल्लाने पंख झाडले, अंग फुलवलं आणि तेही उतरलं. पुन्हा पाचोळा उलटायला सुरुवात. शिक्रा उद्याही येणार आहे, हे त्यांना आपल्याइतकंच पक्कं ठाऊक असावं. तरी आत्ता पाचोळ्याखाली किडे होते, आणि ते शोधत होते.

अशी गोष्ट बघताना माणसाचं मन काय करतं? ते बाहेर जातं. भीतीत लक्ष पूर्ण आत वळलेलं असतं, छातीकडे, विचारांकडे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की स्क्रीन, ट्रॅफिक, मीटिंग इथे लक्ष जोर लावून धरून ठेवावं लागतं आणि ते थकतं. पानांची सळसळ, वाहतं पाणी, पक्ष्यांची लगबग हे लक्ष हळुवार ओढून घेतात, धरून ठेवायचे कष्ट पडत नाहीत, आणि थकलेली शक्ती भरून येते. आपल्याकडे ‘विचारांचा रवंथ’ असा फार नेमका शब्दप्रयोग आहे. तोच तो घास पुन्हा पुन्हा. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ३८ जणांवर या रवंथाचाच अभ्यास केला. काहींना दीड तास झाडागवतात चालायला पाठवलं, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडीत चालून आलेल्यांचा रवंथ कमी झाला, आणि मेंदूतल्या ज्या भागाचा त्याच्याशी संबंध आहे तिथली हालचालही मंदावली. रस्त्याने चाललेल्यांत तसं दिसलं नाही.

भीतीबद्दल विचाराल तर मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला बर्लिनचा अभ्यास. ६३ जणांपैकी काहींना एक तास जंगलात आणि काहींना गजबजलेल्या बाजाररस्त्यावर चालायला लावलं, आधी आणि नंतर मेंदूचं स्कॅन. जंगलात चालून आलेल्यांचा अमिग्डाला शांत झालेला दिसला. बाजारात चाललेल्यांचा होता तसाच राहिला, वाढलाही नाही. चालणं दोघांचंही तेवढंच होतं. म्हणून ‘ट्रेडमिलवर चाललं तर चालेल का’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते की व्यायाम म्हणून उत्तम, पण या कामाला झाडं लागतात.

यावरून सिंहगडाचं कोडं सुटतं. तुम्ही निसर्गात गेलाच नव्हतात. तीन तास हॉर्न, क्लच, पार्किंगची चिंता, वर कांदाभजीच्या स्टॉलसमोरची गर्दी, घरी यायला रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. शिवाय मनात अपेक्षा होती की आज बरं वाटलंच पाहिजे. भीती घालवायला म्हणून गेलं की माणूस दर पाच मिनिटांनी आत डोकावून बघतो, गेली का? ती जात नाही. सिंहगड सुंदरच आहे, एखाद्या बुधवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने चढून बघा. पण औषधासारखी रोज घ्यायची मात्रा म्हणून तो फार लांब आहे.

मात्रेचा अंदाज हवा असेल तर इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये एक आकडा पुढे आला, आठवड्याला १२० मिनिटं. तेवढा वेळ झाडांत घालवणारे लोक जास्त निरोगी आणि समाधानी असल्याचं सांगत होते, मग तो एकदम घालवलेला असो की तुकड्यातुकड्यांत. आधीच बरे असलेले लोकच बाहेर जास्त पडतात, असंही त्यात असू शकतं, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण सुरुवात करायला चांगला आहे. कामाच्या दिवसांत दोनदा अर्धा-अर्धा तास आणि सुट्टीला एक तास, झाले १२० मिनिटं.

वाकडहून तुम्हाला बाणेर-पाषाणची टेकडी सोयीची. सकाळी साडेसहाला रस्ता मोकळा असतो. तुकाई मंदिराच्या बाजूने चढ आहे, छाती धडधडायला पुरेसा. चढायचा कंटाळा असेल त्या दिवशी पाषाण तलावाच्या काठाने चाला. सुट्टीच्या दिवशी वेताळ टेकडी. शहरातला सगळ्यात उंच माथा तो, आठशे मीटरच्या आसपास, आणि वर वेताळाचं देऊळ. भुताखेतांचा राजा म्हणून ज्याच्या नावाने लहानपणी आपण घाबरायचो, त्याच्या पायरीवर बसून लोक घाम पुसतात, मला ते दर वेळी आवडतं. (ही टेकडी फोडून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचं ठरत होतं, तेव्हा २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले. मीही चालले. माझ्या दृष्टीने तो आरोग्याचाच प्रश्न आहे. शहरातल्या माणसांची भीती जिथे उतरते त्या जागा मोजक्या आहेत.)

आता नेमकं काय करायचं ते.

स्मार्टवॉच घरी ठेवा. ही माझी एकमेव सक्तीची अट. फोन सुरक्षेसाठी खिशात असू दे, पण सायलेंटवर, आणि फोटो काढायचे नाहीत. पहिली दहा मिनिटं डोक्यात ऑफिसच चालू राहील, चालू द्या, त्याच्याशी भांडू नका. मग चढावर वेग एवढा वाढवा की पूर्ण वाक्य एका दमात बोलता येणार नाही. मग थांबा. हात छातीवर. पर्वतीवरच्या त्या मुलीने केलं तेच. ठोके उतरेपर्यंत उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही. एका फेरीत असं तीनदा. त्यानंतर एक जागा ठरवा आणि दर वेळी तिथेच बसा, पंधरा मिनिटं. जागा बदलू नका. रोज तीच जागा पाहिली की बारीक बदल दिसायला लागतात. मुंगळ्यांची रांग काल झाडाच्या या बाजूने होती, आज पलीकडून आहे. पहिल्या पावसानंतर दगडावरचं शेवाळ कसं जागं होतं ते बघा. पक्ष्यांची नावं येत नसली तरी काही बिघडत नाही. डोळे मिटून किती वेगळे आवाज येताहेत ते मोजा. तांबटाचं टुक-टुक तर पुण्यात कुठेही ऐकू येईल, कुणीतरी लांबवर भांडी ठोकतंय असं.

मध्ये कधीतरी तिथेही भीती येईल. येऊ द्या. उठून घाईघाईने गाडीकडे पळू नका. अशी लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरायला लागते. ती टेकडीवर ओसरताना एकदा पूर्ण बघितलीत, तर घरी निम्मं काम झालं.

आणि रात्री तीन वाजता? तेव्हा टेकडी नसते. घड्याळ चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवा, झोपताना हातावर नको. जाग आली तर गॅलरीत जाऊन उभे राहा, सोसायटीत एखादं तरी झाड असेलच, त्याच्याकडे बघत श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग कमी करणारी मज्जासंस्था कामाला लागते. झाडाकडे नुसतं बघून काय होणार, असं वाटेल. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोराची वेदनाशामकंही कमी लागली. माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मला हे वाचून माहीत होतं, पण समजलं तिथेच. नऊ रात्री मी व्हरांड्यातल्या बाकावर काढल्या. समोर एक पिंपळ होता, ट्यूबलाइटच्या उजेडात त्याची पानं वारा नसतानाही हलायची. आत मशीनचा आवाज बदलला की माझं काळीज लक्कन हलायचं, आणि मी पुन्हा पानांकडे बघायची. भीती गेली नाही. मला तिथे बसून राहता आलं.

टेकडी तुमचा हप्ता भरणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. नोकरी गेलीच तर किती महिने निभावेल, कुठला खर्च थांबेल, कुणाकुणाला फोन करायचे, हे एकदा दिवसाउजेडी पत्नीबरोबर बसून कागदावर लिहा. ज्या काळजीवर काही करता येतं ती कागदावर, उरलेली टेकडीवर. आणि ऑफिस टाळून टेकडीवर जाऊ नका. टाळाटाळीने भीती पोसली जाते, मग जागा कितीही हिरवी असो.

तीन-चार आठवडे नियमाने करूनही झोप लागत नसेल, ऑफिसला जाणं बंद पडत असेल, झोपेसाठी दारूचा आधार घ्यावासा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं क्षणभर जरी वाटलं तरी त्याच दिवशी. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. गोळ्या सुरू झाल्या तर त्या आणि टेकडी दोन्ही एकत्र चालतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

सुरक्षेचं चार शब्दांत सांगते, कारण टेकड्यांवर लुबाडणुकीचे प्रकार झालेत. अंधारात आणि अगदी आडबाजूला जाऊ नका, वर्दळीच्या वेळी जा, अंगावर सोनं नको. पावसात खाणींच्या कडा निसरड्या होतात, आणि गवत वाढलं की फुरशांचा काळ असतो, पाय पूर्ण झाकणारे बूट घाला.

सोबतीला आईंना नेऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. चढाच्या दिवशी एकटे किंवा मित्राबरोबर जा, पण तलावाच्या फेरीला त्यांना जरूर न्या. त्यांना तुमच्या भीतीबद्दल काही सांगू नका, त्यांनाच विचारत राहा, हे झाड कसलं, याचा पाला कशाला लागतो. गावाकडच्या बाईला हे सगळं माहीत असतं आणि वाकडच्या अकराव्या मजल्यावर ते कुणी विचारत नाही. पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा पावशा ओरडत असणार, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. तुम्हाला आधी नुसता गलका वाटेल. त्या ऐकतील आणि थांबतील. कुठल्या झाडावरून ओरडतोय ते त्यांच्याकडून शोधून घ्या.